जाड पुस्तकांतलं इंग्रजी

तीर्थस्वरूप ताई यांना, त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा (तुमच्या भाषेत 'त्या लिफ्टवाल्याचा') वाकून नमस्कार.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. आजवर या घरातून तुम्हाला गेलेली सगळी पत्रं धाकटीने लिहिली आणि मी शेवटी 'यांचाही नमस्कार' एवढ्यापुरताच त्यांत होतो. तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून देवाचं नाव घेता की इमारत बांधणाऱ्याचं? साडूबुवांना ऐकू येणं पूर्ण बंद झालं, की अजूनही फक्त तुम्ही बोलत असतानाच बंद होतं? त्यांना माझा नमस्कार जरा मोठ्याने सांगा. इकडे सर्व क्षेम आहे. (हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला लिहावं लागतं म्हणून लिहिलं. पुढचं वाचलंत की खोडून टाका.)

सरळ मुद्द्यावर येतो, कारण मला पाल्हाळ आवडत नाही. (धाकटी शेजारी असती तर इथे तिने माझ्याकडे नुसतं बघितलं असतं.) धाकटी आजारी आहे. यकृताचं दुखणं आहे आणि ते आजकालचं नाही. पोटात पाणी साठतं, पाय सुजतात, आणि जेवणातलं मीठ बंद आहे. म्हणजे बंद होतं. ते पुढे येईलच. तुम्हाला कळवलं नाही, कारण तिची मला सक्त ताकीद होती. तुमच्या मुलीच्या लग्नात तुम्ही व्याह्यांना माझी ओळख 'हे मशिनरीत असतात' अशी करून दिलीत, ही भरल्या ताटावरून उठली, आणि तेव्हापासून तुम्हा दोघींचं बोलणं बंद. मला स्वतःला त्यात काही वाटलं नव्हतं. मशिनरीतच असतो मी. अर्धा दिवस तर मशिनरीच्या पोटात असतो. पण तुम्ही दोघी एका आईच्या मुली, आणि नमतं घ्यायला त्या माउलीने दोघींपैकी एकीलाही शिकवलं नाही. नवऱ्याच्या अपमानाचा राग नवऱ्यापेक्षा बायकोनेच जास्त वर्षं जपून ठेवावा, हे मी फक्त आमच्याच घरात पाहिलं. एकदा मी म्हटलं, जाऊ दे ना आता. तर आठवडाभर माझ्याशीच अबोला.

तर मी इंग्रजी शिकतोय. हसू नका. ए, बी, सी, डी नाही, वरच्या दर्जाचं, भारी शब्दांचं. तुमची सगळी नोकरी पोरांना इंग्रजी शिकवण्यात गेली म्हणून तुम्हाला कळवणं माझं कर्तव्य, आणि दुसरं म्हणजे हा सगळा उपद्व्याप तुमच्याच एका वाक्यातून सुरू झाला. त्याच लग्नात, ताटावरून उठण्याच्या जरा आधी, तुम्ही कुणाच्या तरी मुलाला सांगत होतात की इंग्रजी सुधारायचं असेल तर गोष्टी-कादंबऱ्या सोड, त्यांत लोक नुसते रडतात आणि प्रेम करतात. खऱ्याखुऱ्या विषयांवरची पुस्तकं वाच, शब्द आपोआप अंगवळणी पडतात. त्या मुलाने ऐकलं की नाही ठाऊक नाही. मी शेजारच्या पंगतीत होतो, मी ऐकलं. तेव्हा उपयोग नव्हता, म्हणून तसंच डोक्यात ठेवून दिलं.

उपयोग असा निघाला. धाकटीला ज्या हॉस्पिटलात ठेवलं होतं, तिथल्या लिफ्टची देखभाल माझ्याकडे आहे. कामाचं ठिकाण आणि दुखण्याचं ठिकाण एकच झालं. (ऑफिसात मला म्हणाले, बरं झालं, जाण्यायेण्याचा त्रास वाचला. अशी माणसं असतात.) त्या इमारतीत मला कुणी बघत नाही. मी ग्रीस लागलेल्या कपड्यांत कोपऱ्यात उभा असलो की माणसं माझ्याकडे भिंतीकडे बघावं तशी बघतात आणि काय वाटेल ते बोलतात. फक्त बोलतात इंग्रजीत. मला मराठीत मिळायची तीन वाक्यं: बघू या, औषध चालू ठेवा, काळजी घ्या. मग मोठे डॉक्टर त्यांच्या हाताखालच्या चष्मेवाल्या डॉक्टरीणबाईंकडे वळायचे आणि खरं बोलणं सुरू व्हायचं, भराभरा, माझ्या डोक्यावरून. माझ्या बायकोच्या पोटात काय चाललंय हे त्या मजल्यावर झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना ठाऊक, आणि नवरा मात्र नंदीबैलासारखा माना हलवतोय. एके दिवशी म्हटलं, बस झालं. ताई म्हणाल्या होत्या ना, खरी पुस्तकं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक रद्दीवाला आहे. त्याला वाचता येत नाही आणि त्याचं त्याला दुःखही नाही. तो पुस्तकं जाडीवरून निवडतो. मी म्हटलं, इंग्रजी पाहिजे, खऱ्या विषयावरचं, शक्य असेल तर शरीराच्या आतलं. त्याने ढिगाऱ्यात हात घालून एक ठोकळा काढला आणि म्हणाला, "हे घ्या, हे सगळ्यात जड आहे, यात शब्द जास्त असणार." मुखपृष्ठावर काहीतरी उभं चिरून दाखवलं होतं: आत लालभडक, मधून एक नळी वर गेलेली, बाजूला फाटे, तळाशी पिशवीसारखं काहीतरी फुगलेलं. मी ओळखलं, यकृत. ताई, शपथेवर सांगतो, चित्र तसंच होतं. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर जे टांगलंय त्यापेक्षाही चांगलं होतं.

शब्दकोश घेऊन बसलो. एकेका ओळीत दहा ठिकाणी ठेचकाळायचो, पण अर्थ लागत गेला आणि जो लागला तो भयंकर होता. आत दाब वाढत जातो. वरून शांत दिसतं, आजूबाजूच्यांना पत्ता नसतो. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग एकदम होतं. उष्णता, सूज, भेगा, वायू. मी घामाघूम व्हायचो. दोन शब्द तर मी तोंडपाठ केले: एक 'डॉर्मंट', म्हणजे झोपलेला पण मेलेला नाही असा, आणि दुसरा 'एक्स्टिंक्ट', म्हणजे कायमचा थंड झालेला, ज्याची भीती उरली नाही असा. रात्रंदिवस एवढंच डोक्यात की आमचं दुखणं यांतलं कुठलं. पुढे एका पानावर वाक्य आलं की पायथ्याच्या गावांतल्या लोकांनी गुरं सोडून दिली आणि पळाले. तिथे मी थांबलो. यकृताच्या पायथ्याला गावं कशी असतील, हा प्रश्न मला पडायला इतकी पानं लागली. पुस्तक ज्वालामुखीचं होतं.

धाकटीला सांगितलं. तिला हसताना पोट धरावं लागतं, दुखतं म्हणून. दोन्ही हातांनी धरून हसली. नर्स धावत आली. मी रागावलो (मी रागावतोच), पण त्या दिवसापासून तिने नियम घातला की मी रोज एक तरी पान तिच्याजवळ बसून मोठ्याने वाचायचं, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा जरा बरं आहे, दहावीपर्यंत तुम्ही घेतलेलं. माझे उच्चार ऐकून ती डोळे मिटून घ्यायची आणि मला वाटायचं, झोप लागली.

ज्वालामुखी वाया जाऊ दिला नाही मी. नवा शब्द त्याच आठवड्यात कुठेतरी वापरायचा, नाहीतर तो गंजतो, हे माझं स्वतःचं शास्त्र. मोठे डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी पुढे होऊन विचारलं की साहेब, हे डॉर्मंट आहे की एक्स्टिंक्ट. ते थबकले. चष्मेवाल्या बाईंनी फायलीत तोंड घातलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, पहिल्यांदाच, भिंतीकडे बघावं तसं नाही, आणि म्हणाले, "डॉर्मंट नाही म्हणता येणार." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेले. मी धाकटीकडे विजयी मुद्रेने बघितलं. डॉर्मंट नाही, म्हणजे राहिलं एक्स्टिंक्ट! तिसरंही काही असू शकतं, जागं असलेलं, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. खरं तर पुस्तकाचा सगळा दुसरा भाग त्यावरच होता.

आता जे लिहितोय ते ऑफिसात कुणाला बोलू नका. लिफ्टची तपासणी करताना आम्ही पाळण्याच्या, म्हणजे लिफ्टच्या डब्याच्या, छतावर उभे राहतो आणि खालीवर जातो. प्रत्येक मजल्याचं दार बंद असतं, पण दाराच्या फटीतून पलीकडचं बोलणं नळातून यावं तसं स्वच्छ येतं. आणि लिफ्ट बंद असली की डॉक्टर लोक जिन्याने जात नाहीत. उभे राहतात, चिडतात आणि बोलतात. तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावरची (धाकटीची खाट तिथेच) तपासणी जरा सविस्तर करू लागलो. रोजच. धडधाकट लिफ्ट बंद ठेवून मी अंधारात तारांमध्ये उभा, कान दाराला, खिशात शब्दकोश. हॉस्पिटलच्या मॅनेजरबाईंनी विचारलं, बिघाड काय आहे. मी म्हटलं, सध्या डॉर्मंट आहे. त्यांनी तो शब्द कागदावर छापून दारावर चिकटवला, अजून आहे.

आणि काय ऐकलं मी? मोठ्या डॉक्टरांच्या मुलाला हव्या त्या कॉलेजात जागा मिळाली नाही. कँटीनचा चहा प्यायच्या लायकीचा नाही. चष्मेवाल्या बाईंच्या सासूबाई परत जायचं नाव घेत नाहीत. ताई, इतकं साधं इंग्रजी! ज्याच्यासाठी मी ज्वालामुखी पालथा घातला, मग रद्दीवाल्याने दिलेलं मातीच्या धुपीवरचं एक वाचलं, कालव्यांचा इतिहास वाचला, त्यांतला एकही शब्द ही शिकलेली माणसं वापरत नाहीत. मला 'गाळ साचणे' याला चार शब्द येतात आणि ऐकायला मिळते कुणाची तरी सासू.

मग एका सकाळी ऐकू आलं. आधी धाकटीच्या खाटेचा नंबर आला. शब्दकोश बाहेर काढला. आणि मोठे डॉक्टर जे बोलले त्यात एकही शब्द असा नव्हता जो मला पाचवीत येत नव्हता. घरी पाठवू या. तिला मीठ खाऊ दे. जे खावंसं वाटेल ते खाऊ दे. एवढंच. चष्मेवाल्या बाईंनी फाइल मिटली. मग ते जिन्याने गेले.

मी तिथे अंधारात नाचायचाच बाकी होतो. मीठ! इतके महिने ती अळणी घास गिळत होती, आजारापेक्षा त्या चवीनेच अर्धी झाली होती, आणि आता मीठ सुटलं, घर मिळालं. बरी झाली म्हणूनच ना? मी लिफ्ट चालू केली (लोकांनी टाळ्या वाजवल्या), नर्सला सांगितलं, मॅनेजरबाईंना सांगितलं, खालच्या चौकीदाराला मिठी मारली. सगळे म्हणाले, हो का, छान. नर्स म्हणाली, छान, आणि सलाइनची बाटली बदलायला गेली. ती बाटली भरलेली होती. धाकटीला सांगितलं तर ती म्हणाली, "चला, एकदाचं मीठ भेटलं," आणि सामान आवरायला लागली. तिला खाली आणताना लिफ्ट मी स्वतः चालवली. जन्मात चालवली नसेल इतकी अलगद.

घरी आलो. पहिल्या जेवणात तिने वरून मीठ घेतलं, मी बघत बसलो. जेवण होतं साधंच, पण ती एकेक घास असा खात होती की मला माझं ताट बाजूला ठेवावं लागलं. संध्याकाळी नेहमीसारखं वाचायला बसलो. रद्दीवाल्याकडून नवीन ठोकळा आणला होता, खरीखुरी हकीकत, बर्फाच्या समुद्रात अडकलेल्या एका जहाजाची. त्यात कप्तान अतिशय कडक. बिस्किटं मोजून, पाणी मोजून, कोठाराची किल्ली स्वतःच्या गळ्यात. एकाने चिमूटभर साखर चोरली तर त्याला शिक्षा. पान उलटलं. त्या पानावर कप्तान एके दिवशी कोठार उघडतो आणि सगळ्यांना सांगतो, घ्या रे, ज्याला जे हवं ते घ्या, पोटभर खा.

मी मराठीत सांगता सांगता थांबलो. ताई, त्या पानावर एकही अवघड शब्द नव्हता. कप्तानाने कोठार का उघडलं हे पुस्तकात लिहिलेलं नाही. लिहायची गरजच नव्हती. इतके दिवस तो राखून ठेवत होता, कारण पुढे दिवस होते.

धाकटी म्हणाली, थांबलात का, पुढे वाचा. मी वाचलं. पुढे दूरवर एक जहाज दिसलं, मी म्हटलं, मोठं, पांढरं, त्यावरच्या लोकांनी दोर टाकले आणि सगळ्यांना वर घेतलं. असं काही त्या पुस्तकात नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट रचली आणि ती गोष्ट-कादंबरीवाल्यांसारखी खोटी रचली. ती म्हणाली, बरं झालं हो बिचाऱ्यांचं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

तिला यातलं काही माहीत नाही आणि मी कळू देणार नाही. ती मजेत आहे. जेवते थोडंच, पण चवीने. मला मात्र काही सुचत नाही. कामावर जातो, तारा तपासतो, तेल घालतो, परत येतो, तिच्यासमोर हसतो. माझं तोंड हसायला बनवलेलं नाही, ते दुखतं. मला भीती वाटते, ताई. इतकी भीती मला सगळ्यात वरच्या मजल्यावर, खाली मोकळा खड्डा असतानाही कधी वाटली नव्हती. तुमच्याशिवाय हे लिहिण्यासारखं कुणी नाही, यावरूनच आमची परिस्थिती ओळखा.

साडूबुवांना पुन्हा नमस्कार, घरातल्या लहानांच्या पाठीवरून हात. मला तुमचा लोभ नव्हताच, तेव्हा तो कमी होऊ नये वगैरे लिहीत नाही.

आपला,
धाकटीचा नवरा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. तुमच्याकडे तो जाडजूड इंग्रजी शब्दकोश आहे, काचेच्या कपाटातला, ज्याला तुम्ही कुणाला हात लावू देत नाही. माझ्या शब्दकोशाची पानं ग्रीसने चिकटली आहेत. तुमचा काही दिवस मिळाला तर बरं होईल. तो पोस्टाने पाठवू नका, हरवेल. स्वतः घेऊन या.

ता. क. २. शब्दकोश नाही आणलात तरी चालेल. या. लवकर या. उद्या-परवा जमलं तर तसं करा.

ता. क. ३. मी बोलावलं असं म्हणू नका, नाहीतर ती मला घराबाहेर काढेल. सहज आले म्हणा. आणि रडून-बिडून तिला संशय येऊ देऊ नका. हे पत्र मी जहाजाच्या पुस्तकात लपवून ठेवतोय, कामावरून येताना पाकीट आणून उद्या टाकीन. ते पुस्तक माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

ताई, यापुढचं मी लिहितेय. अक्षर वाकडं आलंय, पडूनच लिहितेय. त्यांना लपवायला उशाजवळचं पुस्तक सापडलं. मी सबंध दुपार इथे पडून असते, करू काय, वाचतेच. पाकीट कपाटात होतंच, यांना घरातलं काही सापडलंय कधी? मीच चिकटवून पोस्टात टाकायला देते आणि त्यांना सांगेन की तुम्हीच टाकलंत काल. विश्वास बसेल त्यांचा.

मोठ्या डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं, चक्क मराठीत. मीच हात जोडले की यांना सांगू नका. माणूस दिवसभर तारांवर उभा असतो, खाली खड्डा. हात थरथरला तर? म्हणून ते बिचारे इंग्रजीत बोलत राहिले आणि हे ज्वालामुखी वाचत राहिले. त्यांना माहीत आहे हे मला माहीत नाही, असंच चालू दे. तेवढ्यासाठी ते रोज संध्याकाळी घरी लवकर येतात आणि माझ्यासाठी जहाजं वाचवतात. मला ते आवडतं.

तू ये. आपलं आधी कोण बोललं ते आपण नंतर ठरवू, नाही ठरलं तरी चालेल. मीठ मला आता फारसं लागतही नाही, पण यांच्यासमोर घेते.

आणि एक काम तुझ्यावर सोपवते. मी गेले की सगळे त्यांच्याशी गोड बोलायला लागतील, हळू आवाजात, पाठीवर हात ठेवून. तू तसलं करू नकोस. इतकी वर्षं मी तुला जे बोलू दिलं नाही ते सगळं त्यांना बोल. त्यांना तुला इंग्रजीत पत्रं लिहायला लाव आणि एकेक चूक काढून परत पाठव. चिडतील, थयथयाट करतील, तुझ्या नावाने शंख करतील. करू दे. राग आला की ते पोटभर जेवतात.